वेधनं निवडलेले डोळे

वेधनं निवडलेले डोळे आपले नाहीत, हे ऊर्मिला बोरीकरला कॅन्टीनमधल्या मोठ्या पडद्यावर, ताटात दुसरी पोळी घेताना कळलं. दीडशे माणसं जेवत होती. पडद्यावर एक नाव आलं, त्याखाली टक्केवारी आली आणि टाळ्या सुरू झाल्या. ऊर्मिलानंही वाजवल्या. एका हातात पोळी असल्यामुळे त्या नीट वाजल्या नाहीत, तेवढं एक बरं झालं.

नाव होतं प्रतीक्षा खरात. वय एकोणतीस, शिक्षण बारावी आणि वर एक डिप्लोमा, आधीचा अनुभव जालन्याच्या एका बियाणे कंपनीत निवडणीच्या टेबलावर चार वर्षं. ऊर्मिला या धंद्यात एकोणीस वर्षं होती, त्यातली चार तैवानात काढलेली. कारखान्याच्या उतारा विभागाची ती प्रमुख होती. प्रतीक्षाला नोकरीवर घेतलं तिनंच, आणि वेफर हातात कसा धरायचा इथपासून शिकवलंही तिनंच.

"ताई, मशीनचा कायतरी घोळ झालाय," प्रतीक्षा तिच्या शेजारी येऊन बसत हळूच म्हणाली. "तुमचं नाव यायला पाहिजे होतं."

"अगं, छान झालं की," ऊर्मिला म्हणाली. त्यानंतरची पंधरा मिनिटं तिला समोरच्या वांग्याच्या भाजीची चव कळली नाही.

'गौताळा सेमीकंडक्टर' हा कारखाना बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत होता. शेकडो माणसं तिथे चिप बनवायची, पण कारखान्याची स्वतःची म्हणावी अशी चिप एकही नव्हती. शिंप्याचं असतं तसं हे काम. कापड गिऱ्हाईकाचं, माप गिऱ्हाईकाचं, शिलाई तेवढी आपली. चिपचा आराखडा घेऊन गिऱ्हाईक येतं, कारखाना तो सिलिकॉनच्या ताटाएवढ्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो वेळा उमटवतो, आणि मग त्या चकतीचे नखाएवढे तुकडे होतात. ऊर्मिलाच्या सासूबाई मरेपर्यंत शेजारणींना सांगत होत्या की सून वेफरच्या कारखान्यात साहेब आहे. शेजारणी बटाट्याचे भाव विचारायच्या.

शंभर तुकड्यांतले किती चांगले निघाले, तो उतारा. हा शब्द कारखान्यात साखर कारखान्यांतून आलेल्या जुन्या फिटर मंडळींनी आणला आणि तो सगळ्यांच्या तोंडी बसला. गिऱ्हाईक मिळवायला गौताळानं सुरुवातीला काय काय नाही केलं. एकाच वेफरवर दहा लहान कंपन्यांचे नमुने बसवून दिले, काळी-पिवळीत माणसं बसवतात तसे. आराखडे तपासून दिले, इंजिनियर उसने दिले, जेवणावळी घातल्या. गिऱ्हाईक जेवायचं, हसायचं आणि हात धुताना एकच प्रश्न विचारायचं, की उतारा किती? उत्तर साठीच्या आसपास असायचं. मग गिऱ्हाईक पुन्हा दिसायचं नाही.

तो साठाचा आकडा हलवायला वेध नावाचा संगणकाचा प्रोग्राम आला. कल्पना तशी साधी होती. वेफरमधला दोष शोधायला कॅमेरे होते, संगणक होते, पण अनुभवी माणूस तिरप्या प्रकाशात वेफर धरतो तेव्हा त्याची नजर दोषाच्या जागी आधी जाते आणि "इथे काहीतरी आहे" हे त्याला नंतर कळतं. या दोहोंमध्ये अर्धा-पाऊण सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात डोळ्याला जे कळलेलं असतं ते तोंडाला सांगता येत नाही. वेध तेच टिपायचा. तपासणी करणाऱ्या चोवीस जणांना त्यानं जाड काड्यांचे चष्मे दिले. बुबुळ कुठे वळलं, कुठे थबकलं, किती वेळ थबकलं, हे चष्मा नोंदवायचा. पुढे विजेच्या चाचणीत कुठल्या चिप मेल्या ते कळलं, की कुणाची नजर तिथे आधीच पोचली होती आणि कुणाची चांगल्या चिपवर उगीच थबकली होती, याचा हिशोब वेध करायचा. सहा महिन्यांत त्यानं चोवीस जोड डोळे पारखले, त्यातला सर्वांत खरा निवडला, आणि त्या डोळ्यांसारखं पाहायला कारखान्यातल्या सगळ्या कॅमेऱ्यांना शिकवलं. एका माणसाची नजर चारशे ठिकाणी एकदम बसली. उतारा तीन महिन्यांत एकसष्टवरून ब्याऐंशीवर गेला.

ती नजर ऊर्मिलाची असती, तर हा शोध तिला विसाव्या शतकापासूनचा सगळ्यात थोर वाटला असता.

तशी ती वाईट बाई नव्हती. प्रतीक्षाच्या लग्नात तिनं स्वतः उभं राहून पंगती वाढल्या होत्या. पण आता प्रतीक्षा समोर आली की तिच्या पोटात दुखायला लागे. भेटीला येणारी गिऱ्हाइकं आधी ऊर्मिलाच्या खोलीत यायची. आता कारखान्याचे प्रमुख कुलथे साहेब त्यांना थेट काचेच्या भिंतीपाशी नेत आणि आतल्या पांढऱ्या सूटमधल्या एका आकृतीकडे बोट दाखवत. "त्या बघा, आमच्या डोळे." साहेबांचं व्याकरणही तिच्यापुढे लटपटायचं.

त्याहून जास्त झोंबायचं ते वेगळंच. प्रतीक्षाला आपण काय पाहतो ते सांगता येत नसे, त्यामुळे ते शब्दांत मांडायचं काम ऊर्मिलावर आलं.

"इथे का थांबलीस?" ऊर्मिला विचारायची.

"काय की ताई. बियाणं निवडताना पोचट दाणा हाताला लागायच्या आधी डोळ्याला लागतो ना, तसं."

"तसं म्हणजे कसं?"

"तसं म्हणजे तसंच."

आणि चाचणीत ती चिप मेलेलीच निघायची. ऊर्मिला अहवालात लिहायची, 'कडेजवळील थराच्या जाडीतील सूक्ष्म फरक'. खाली नाव प्रतीक्षाचं. एकोणीस वर्षांत वाचलेले सगळे जाड ग्रंथ आपण एका पोचट दाण्याचं भाषांतर करायला वाचले, असं तिच्या मनात येई आणि अंगाचा तिळपापड होई. ती उगीच प्रतीक्षाच्या रजेच्या अर्जात चुका काढी. एकदा तर तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली नाही, जी ती गेली पाच वर्षं न मागता पुढे करत आली होती. प्रतीक्षानं मागितली नाही आणि ऊर्मिलाला त्याचाही राग आला.

तरी एक आशा होती. वेध दर तीन महिन्यांनी डोळ्यांची फेरनिवड करायचा. आणि या खेपेची फेरनिवड साधी नव्हती. कोचीची एक कंपनी हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्राची चिप इथे बनवून घ्यायला तयार झाली होती. तिच्या तीन पेट्या, प्रत्येकीत पंचवीस वेफर, परीक्षेसाठी चालवायच्या होत्या. अशा वैद्यकीय कामात एकदा पद्धत ठरली की ती गोठवतात. रसायन, तापमान, यंत्र, काहीही पुढे बदलायचं नाही. आता त्यात डोळेही आले. तिसऱ्या पेटीअखेर ज्याचं नाव वर असेल, त्याची नजर या कामावर दहा वर्षं राहणार होती. दहा वर्षांनी ऊर्मिला निवृत्त झालेली असणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

पहिल्या दोन पेट्यांत प्रतीक्षा पुढे होती. फरक मात्र थोडा होता.

ऊर्मिला चष्मा घरी न्यायला लागली. नियमात ते बसत नव्हतं, पण विभागप्रमुखाला कोण विचारणार? घरी ती जुन्या वेफरची छायाचित्रं पडद्यावर लावून सराव करायची. तिचा नवरा श्रीपाद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. तो म्हणाला, "बारावीला बसल्यासारखी काय अभ्यासाला लागलीयेस? ती पोरगी तुझीच तर आहे. गुरूला याहून काय हवं?"

"तुझ्या जागी तुझ्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला विभागप्रमुख केलं, की मग विचारेन," ऊर्मिला म्हणाली. श्रीपादनं वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

तिसरी पेटी तपासणीला आली ती नेमकी खंडेनवमीला, शुक्रवारी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. गौताळातही ती व्हायची, पण काचेच्या बाहेरून. क्लीनरूममध्ये हवेतला धुळीचा कणसुद्धा मोजलेला असतो, तिथे हळद-कुंकू कुठून नेणार? म्हणून आतल्या यंत्रासमोर येईल अशा बेतानं बाहेरच्या काचेवर टिळा लावायचा, झेंडूचं फूल चिकटवायचं, नारळ पार्किंगमध्ये फोडायचा. बायका आत जाताना टिकलीसुद्धा काढून गाऊन रूमच्या, म्हणजे पांढरे सूट चढवायच्या खोलीतल्या, आरशाच्या कडेला चिकटवत. त्या आरशाला बारा महिने कुंपण असे टिकल्यांचं.

ऊर्मिलानं त्या सकाळी घरी पाटावर श्रीपादची ग्रंथसंपदा मांडली, विळी मांडली, आणि शेवटी पर्समधून चष्मा काढून तोही ठेवला. एरवी ती पूजाबिजा उरकून टाकणारी. त्या दिवशी मात्र तिनं चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बोटानं हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि मनात जे मागितलं ते देवापुढे मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं. गाऊन रूममध्ये तिनं नियमाप्रमाणे स्पिरिटच्या फडक्यानं चष्मा पुसला. काचा पुसल्या, काड्या पुसल्या. बिजागरीत शिरलेलं पुसलं गेलं नाही. तिला घाई होती, कारण प्रतीक्षा आधीच आत गेलेली होती.

वेफर नुकतेच धुऊन आलेले होते आणि भट्टीत जायचे होते. मधल्या तपासणीच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसल्या. एक वेफर ऊर्मिला पाही, मग प्रतीक्षा. बाराव्या वेफरपासून प्रतीक्षा जास्त थांबायला लागली.

"ताई, हे बघा. कचऱ्यासारखं नाही, पण कायतरी हाय याच्यावर."

ऊर्मिलानं खाली वाकून पाहिलं. "काही नाहीये."

"याच्यावर पण हाय."

"प्रतीक्षा, दिसेल तिथे शंका काढली की ती परीक्षा होत नाही. मला स्वच्छ दिसतंय." तिनं हिरवं बटण दाबलं. त्या पेटीतले अकरा वेफर प्रतीक्षानं संशयित ठरवले. ऊर्मिलानं पंचवीसच्या पंचवीस चांगले ठरवले. नियम असा होता की मत एक नसेल तर वरिष्ठाचं चालतं. पेटी भट्टीत गेली.

शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी. ऊर्मिलानं दोन्ही दिवस चष्म्याला हात लावला नाही. सोमवारी चाचणीचा आकडा आला आणि कारखान्यात एकच गलका झाला. उतारा अठ्ठ्याऐंशी. गौताळाच्या जन्मात एवढा आकडा कुणी पाहिला नव्हता. प्रतीक्षाच्या संशयित अकरा वेफरमधल्या चिपही खणखणीत चालत होत्या. म्हणजे प्रतीक्षाची नजर अकरा वेळा चुकली आणि ऊर्मिलाची एकदाही नाही. कॅन्टीनच्या पडद्यावर नाव बदललं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी ऊर्मिलाच्या हातात पोळी नव्हती. तिनं प्रतीक्षाकडे पाहिलं. प्रतीक्षा टाळ्या वाजवत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ते पाहून ऊर्मिलाला आनंद झाला. लाज वाटण्याजोगा असला तरी तो निखळ आनंद होता, आणि तिनं तो जेवणभर पुरवून पुरवून चाखला.

दुपारी ती चष्म्याची बॅटरी बदलायला बसली. त्यासाठी काडी पूर्ण उलटी दुमडावी लागते. बिजागरी उघडली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर तांबडी चिमूट पडली.

ऊर्मिला त्या चिमटीकडे बघत राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो कागद चुरगाळून टाकायचा, आणि तिनं तो टाकला. मग पाच मिनिटांनी पुन्हा टोपलीतून काढला.

संध्याकाळी तिनं श्रीपादला विचारलं, "कुंकवात काय असतं रे?"

"बाजारातलं असेल तर रंग आणि पीठ. कुणास ठाऊक काय घालतात."

"आपल्याकडचं?"

"ते तुझ्या आईनं परभणीहून पाठवलेलं. घरी केलेलं. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार. का गं?"

तिला पुढचं विचारायची गरज नव्हती. टाकणखार म्हणजे सोडियम. आणि चिपच्या धंद्यात सोडियमला जेवढं भितात तेवढं कशालाच भीत नाहीत. भट्टीत त्या वेफरवर काचेचा अतिपातळ थर चढतो, आणि चिपमधली प्रत्येक कळ उघडायची की मिटायची हे त्या थरावर ठरतं. कुंकवाचा कण भट्टीत जळून जातो, पण त्यातलं सोडियम त्या थरात अडकून बसतं. थंड असताना ते गप्प असतं. चाचणीत चिप उत्तम चालते. पण ऊब आणि वीज मिळाली की ते हळूहळू सरकायला लागतं. महिने जातात, कधी वर्ष जातं, आणि एक दिवस जी कळ मिटायला हवी ती मिटत नाही. मोबाइलमधली चिप असेल तर मोबाइल बिघडतो. ही चिप छातीत बसणार होती, जिथे ऊब बारा महिने असते.

बुधवारी कोचीच्या कुरियन बाई सही करायला येणार होत्या. तिसऱ्या पेटीतल्या चिप चाळीस रुग्णांच्या पहिल्या चाचणीसाठी त्यांच्यासोबतच जाणार होत्या.

आता कुणी म्हणेल, यात विचार कसला करायचा? ऊर्मिलानं सबंध मंगळवार विचार केला. नमुन्याच्या चिप भट्टीत तापवून तपासतातच की, त्यात सापडेल. पण नमुने पहिल्या वेफरमधून काढतात आणि पहिले वेफर स्वच्छ होते, हे तिला पाठ होतं. कदाचित कण पडलेच नसतील. कदाचित प्रतीक्षाला भास झाला असेल. प्रतीक्षाला भास होत नाही, हेही तिला पाठ होतं. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? नियम मोडून चष्मा घरी नेला, त्याची पूजा केली, शंका काढणाऱ्या मुलीला गप्प बसवलं. डोळे जातील, खुर्ची जाईल, वर त्या पोरीचं नाव पुन्हा पडद्यावर येईल. या शेवटच्या गोष्टीनं तिला बाकी दोन्हींहून जास्त त्रास होत होता. चाळीस माणसांच्या छातीपेक्षा आपल्याला पडद्यावरचं नाव जड वाटतंय, हे स्वतःशी कबूल केलं तेव्हा तिला आपलीच किळस आली.

शेवटी तिनं ठरवलं, निदान कुठल्या वेफरवर आपण वाकलो ते तरी बघावं. खंडेनवमीची चष्म्याची नोंद तिनं आपल्या खोलीत बसून उघडली. समोरचं दृश्य आणि त्यावर फिरणारा एक पिवळा ठिपका, म्हणजे तिची नजर. चाळीस मिनिटांची नोंद होती.

ठिपका वेफरवर आला, दोन सेकंद राहिला आणि उडाला. कडेला जाऊन थांबला. पुन्हा वेफर, पुन्हा कडेला. ऊर्मिलानं दृश्य मोठं केलं. कडेला प्रतीक्षा होती. टोपी आणि मास्क यांच्यामधली तिची पट्टीभर कपाळ-डोळ्यांची जागा, आणि तिथे पिवळा ठिपका जाऊन बसलेला. खाली वेधनं आकडा दिला होता. चाळीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं नजर तपासणीच्या क्षेत्राबाहेर. क्षेत्राबाहेरचं वेध मोजत नसे. वेफरकडे ज्यांनी जवळजवळ पाहिलंच नाही, ते डोळे त्यानं कारखान्यातले सर्वांत खरे डोळे म्हणून निवडले होते.

बुधवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत कुलथे साहेब, कुरियन बाई आणि त्यांचा एक तंत्रज्ञ बसले होते. प्रतीक्षाला ऊर्मिलानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. करार टेबलावर होता. ऊर्मिलानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, की तिसऱ्या पेटीत सोडियम असण्याची शक्यता आहे, ते माझ्या चष्म्यावरून पडलेलं आहे, आणि चष्म्यावर कुंकू होतं.

कुलथे साहेब हसले. त्यांना खरंच वाटलं की बाई गंमत करतायत. मग त्यांचा चेहरा उतरला. ते मराठीत भराभर म्हणाले, "बोरीकर मॅडम, चाचणी अठ्ठ्याऐंशी आलीय. नुसत्या तुमच्या बोलण्यावर मी पेटी कशी फेकू? पुरावा काय?"

"आहे," ऊर्मिला म्हणाली आणि तिनं नोंद भिंतीवरच्या पडद्यावर लावली.

तिनं ती पुढे सरकवली नाही. बाराव्या वेफरपासून सगळी दाखवली. आपण कुठे वाकलो, कुठला वेफर चष्म्याच्या अगदी खाली आला, प्रतीक्षानं काय म्हटलं, आपण काय म्हटलं. पिवळा ठिपका सगळ्यांच्या समोर वेफरवरून उडत होता आणि कडेला जाऊन बसत होता.

कुरियन बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तिथे कडेला काय आहे? तुम्ही सारखं काय पाहताय?"

"त्यांना," ऊर्मिला म्हणाली आणि तिनं प्रतीक्षाकडे हात केला. "मला यांचा हेवा वाटत होता. म्हणून मी वेफर पाहिलाच नाही."

अकरा वेफर त्याच दुपारी तापवून तपासले. सातव्या तासाला पहिल्या चिपमधून वीज गळायला लागली. पेटी मोडीत काढली गेली. कुरियन बाई करार न करताच कोचीला परतल्या. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की तीन नव्या पेट्या चालवा, मग बघू, आणि पेट्यांवर नजर कुणाची ते कळवा. ऊर्मिलाला क्लीनरूममध्ये जायला एक वर्ष मनाई झाली. विभागाची खुर्ची तूर्त कुलथे साहेबांनी स्वतःकडे घेतली. कॅन्टीनच्या पडद्यावर प्रतीक्षाचं नाव परत आलं, आणि त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी ऊर्मिला गाऊन रूममधल्या कपाटातलं आपलं सामान आवरत होती. प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"ताई, एक सांगायचंय."

"सांग."

"ते लाल मी पाहिलं होतं. तुमच्या चष्म्यावर. शुक्रवारी वाटलं चष्म्याचाच दिवा लागला असंल. सोमवारी सकाळी डोक्यात आलं, दिवा तर हिरवा असतो. मी तुमच्याकडंच निघाले होते, तर पडद्यावर तुमचं नाव आलं."

ऊर्मिलाचे हात थांबले. "मग?"

"मग काय. सांगितलं असतं तर सगळे म्हणले असते, नाव गेलं म्हणून जळती. आणि ताई, खोटं कशाला बोलू, मी जळतच होते. दोन दिवस मलाच कळंना, मला ते लाल खरंच दिसलंय, का दिसावंसं वाटायलंय."

ऊर्मिला तिच्याकडे पाहत राहिली. एवढ्या महिन्यांत ही मुलगी तिला पहिल्यांदाच सरळ दिसत होती, आणि आपल्यासारखीच दिसत होती.

"पुढच्या वेळी सांग," ती म्हणाली. "कुणी काही म्हणू दे. मलाच येऊन तोंडावर सांग."

"पुढच्या वेळी तुम्ही आत कुठं असणार?" प्रतीक्षा म्हणाली. "आता चारशे कॅमेरे माझ्यासारखंच बघतेत. माझं चुकलं तर सगळ्यांचंच चुकतंय. हिरवं बटण दाबून 'काही नाहीये' म्हणणारं आत कोणीच राहिलं नाही."

ऊर्मिलानं पिशवी खाली ठेवली. मग तिनं बाकावरचं आपलं सामान सरकवून प्रतीक्षासाठी जागा केली.